मक्केच्या गोष्टीत मी घातलेली बाई आणि कल्याणचा मचवा

मला लिहिता येत नाही. मी बोलते, नात टाइप करते. तिच्या बोटांसाठी माझं तोंड थांबत नाही, म्हणून मध्येमध्ये ती ओरडते, त्याकडे लक्ष देऊ नका.

हा प्रवास कोपरी ते कल्याण, खाडीतून, मिठाच्या मचव्याने. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी विशीतली, लग्न होऊन तीन वर्षं झालेली. आमची मिठागरं होती आणि सासऱ्यांचा मचवा कल्याणला मीठ टाकायला जायचा. आता तुम्हाला तसं जायचं असेल तर मचवा मिळणार नाही. पण खाडी आहे अजून, जेवढी ठेवली आहे तेवढी.

आमच्या घराच्या मागच्या खोलीत दाऊद मास्तर भाड्याने राहायचे. रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान, शाळेत मराठी शिकवायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. नऊ वर्षं ते एकच पुस्तक लिहीत होते, पैगंबर साहेबांचं चरित्र, मराठीत. त्यांचं म्हणणं, आपली माणसं घरात बोलतात मराठी, आणि आपल्या पैगंबरांची गोष्ट मात्र त्यांना न कळणाऱ्या भाषेत ऐकतात. शेजाऱ्यांना तर काहीच ठाऊक नाही.

पुस्तक पुरं झालं. नौपाड्यातला छापखाना तयार होता. पण मास्तरांना कल्याणच्या मौलवीसाहेबांचा होकार हवा होता. सत्तरीचे मोठे विद्वान, अरबी-फारसी कोळून प्यायलेले. ते म्हणाले बरोबर, तर लोक पुस्तक घरात घेणार. ते म्हणाले चूक, तर नऊ वर्षं पाण्यात. मौलवीसाहेबांना नागरी अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून पुस्तक त्यांना वाचून दाखवायचं ठरलं. आणि आठवड्याने ते हजच्या जहाजावर चढणार होते. त्या वयात गेलेला माणूस परत येईलच, असं कुणी धरून चालत नसे.

मचवा जाणारच होता. सासूबाईंना कल्याणला बहिणीला भेटायचं होतं. त्यांच्या टोपल्या उचलायला मी. अशी आमची वरात निघाली.

उजाडताना, चेंदणी बंदर

खाडीच्या प्रवासाचा एकच नियम आहे: पाणी चढताना जायचं, पाणी उतरताना यायचं. घड्याळ घरी ठेवा. भाडं आम्हाला नव्हतं, मचवा घरचा. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, कांदा आणि मडकंभर पाणी. डोक्याला फडकं घ्या, मिठाच्या ढिगावरून ऊन उलटून तोंडावर येतं. मी घेतलं नव्हतं. आठ दिवस नाक सोलत होतं.

कळव्याचा पूल मागे पडला, पारसिकचा डोंगर उजव्या हाताला आला, तेव्हा मास्तरांनी पिशवीतून कागद काढले. म्हणाले, जरा एकदा वाचून पाहतो. तोंड उघडलं तर आवाजच नाही! आठ दिवस घरात मोठ्याने सराव करून करून घसा बसवून ठेवलेला. हवा तेवढी बाहेर येत होती.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता मौलवीला कं शिट्टी वाजवून दाखवणार, मास्तर?"

मास्तरांचा चेहरा बघवेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पहिल्या ओळीचे दोन शब्द कसेबसे फुटले आणि विरले. आणि पुढची ओळ माझ्या तोंडून निघून गेली. मग त्याच्या पुढची. मग पान.

आता यात जादू काही नव्हती. मास्तरांची खोली आणि माझं उखळ यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. मास्तरांना मोठ्याने बोलत लिहायची सवय. एक वाक्य तीन तीनदा म्हणायचे, मग कागदावर उतरवायचे, आणि आधीच्या वर्षांचं लिहिलेलंही पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. मी पलीकडे भात कांडत होते. तीन वर्षं! पोपटालासुद्धा पाठ झालं असतं.

मास्तर माझ्याकडे असे बघत होते, जणू मचव्यातल्या मिठाला कंठ फुटलाय. कुजबुजत म्हणाले, "सगळं येतं?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत," मी म्हटलं. हे मी जरा फुगवून सांगितलं, पण ते पुढे येईल.

त्यांच्याच पुस्तकात आहे, पैगंबर साहेबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ते सांगायचे आणि दुसरे लिहून घ्यायचे. ती ओळ मी भिंतीपलीकडून पहिल्यांदा ऐकली तेव्हा कांडायची थांबले होते. कुठे ते, कुठे मी, बरोबरी करायची नाही. पण ऐकून बरं वाटलं होतं.

कल्याण, पाणी भरलेलं

वाटेत दिवा गावाला एका माणसाने मचव्यात शेळी चढवली होती. कल्याणच्या बंदरात ती उतरेना. ओढली, ढकलली, शेपटी पिरगळली, जागची हलत नाही. मी पदराची झोळी केली, आत दाणे असल्यासारखी हलवली आणि फळीवर उभी राहिले. शेळी टुणकन खाली.

मास्तर कपाळाला हात लावून उभे. मला बाजूला घेऊन कुजबुजले, "अगं बाई, असं केल्यावरून माणसाची साक्ष काढून टाकलेली आहे!"

मग बंदरापासून दूधनाक्यापर्यंत चालता चालता त्यांनी मला सांगितलं. पैगंबर साहेब गेल्यावर त्यांच्या गोष्टी माणसांच्या तोंडी होत्या. कुणीही काहीही सांगू लागला. मग काही विद्वानांनी चाळणी लावली. गोष्ट सांगणाऱ्याला विचारायचं, कुणाकडून ऐकलीस? त्याने कुणाकडून? एकेक कडी मागे मागे, थेट ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्यापर्यंत. मधली एक कडी तुटली की गोष्ट बाजूला. कडीतला माणूस लबाड निघाला तरी बाजूला. सांगतात की असाच एक विद्वान महिनाभर चालत एका माणसाकडे गोष्ट ऐकायला गेला. बघतो तर तो माणूस रिकामी झोळी दाखवून जनावराला बोलावतोय. हा विद्वान दारातूनच परत. जो जनावराला फसवतो, त्याचं मी काय ऐकू!

"एवढं महिनाभर चालून?" मी म्हटलं. "पाणी तरी प्यायला का तिथे?"

मास्तरांना हसायचं होतं, पण घसा.

दूधनाका

मौलवीसाहेबांचं घर साधं, ओटीवर चटई. त्यांच्या बीबींनी आमच्यापुढे केळी आणि शहाळी ठेवली. चुलीवरचं आम्ही खाणार नाही हे न विचारता ओळखलेलं. सासूबाईंनी केळं सोललं, आतून येणारा वास घेतला आणि विचारलं, "बीबी, लोणचं तर चुलीवर नय करीत ना?" लोणचं आलं. ते आम्ही भाकरीला लावून खाल्लं. वाटेत खाल्लेल्या सगळ्यात तेच आठवतं.

मास्तरांनी कुजबुजून आपली अडचण सांगितली. मौलवीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पांढरी दाढी, डोळे बारीक.

"ही बाई सांगणार? बाई खरी आहे का?"

साधा प्रश्न. कुणीही म्हटलं असतं, हो. पण मास्तरांना खोटं येत नव्हतं. त्यांनी शेळीची गोष्ट सांगितली! माझ्या समोर! कुजबुजत, पण पूर्ण!

"झोळी रिकामी होती?" मौलवीसाहेब मला म्हणाले.

"होती," मी म्हटलं.

"पन उतरल्यावर हिनं तिला अर्धी भाकर दिली," सासूबाई मध्येच. "माझ्या वाटची. मना विचारलं पन नाय."

मौलवीसाहेबांनी चटईवर बैठक नीट केली. मग म्हणाले, "सांग, बेटी."

मी सांगू लागले. मास्तर समोर बसून कागदावर बोट फिरवत होते. जन्म, आईचं जाणं, आजोबा, काका, व्यापाराचे काफिले, सगळं सरळ. मौलवीसाहेबांनी डोळे मिटलेले, मान हलत होती. मास्तरांच्या तोंडावर रंग आला.

मग आली काब्याची, मक्केतल्या त्या पवित्र घराची गोष्ट. पुराने भिंती खचल्या, मक्केच्या लोकांनी मिळून पुन्हा बांधल्या, आणि शेवटी तो पवित्र काळा दगड कुणी बसवायचा यावरून घराणी भांडायला उठली. ठरलं की आता जो पहिला आत येईल त्याचं ऐकायचं. आले मुहम्मद साहेब, तेव्हा पस्तिशीचे, ज्यांना सगळे विश्वासू म्हणायचे. त्यांनी कापडावर दगड ठेवायला सांगितलं, प्रत्येक घराण्याने एकेक कड धरायची.

"तेवढ्यात," मी म्हणाले, "एका घरातून एक बाई चादर घेऊन आली. म्हणाली, धरा मेल्यांनो चौघांनी, आणि फाटली तर नवी द्याल."

मास्तरांचं बोट कागदावर थांबलं. ते दोन्ही हात हलवू लागले, माशा हाकल्यासारखे.

मौलवीसाहेबांनी डोळे उघडले. "ही बाई कोण?"

मी मास्तरांकडे पाहिलं.

"मी साठ वर्षं ही गोष्ट वाचतोय. काही म्हणतात त्यांनी आपली चादर अंथरली, काही म्हणतात कापड मागवलं. बाई कुणीच सांगत नाही. मास्तर, ही तुम्ही कुठून आणली?"

मास्तरांनी कागद पुढे केला, पण त्याचा उपयोग काय, मौलवीसाहेबांना तो वाचता येत नव्हता. आणि आता तर त्यांची कुजबुजसुद्धा फुटेना. नऊ वर्षं माझ्या एका बाईने बुडवली होती. मला म्हणता आलं असतं, भिंतीपलीकडून ऐकली. शब्द जिभेवर आलेही होते.

"ती मास्तरांची नाही," मी म्हटलं. "माझी आहे. त्या दिवशी मला मध्येच हाक आली, मी उठून गेले. परत आले तोवर दगड बसलेला. मधलं मी भरलं."

"तुझी कशी गो?" सासूबाई एकदम उसळल्या. "हे मी बोललेली! आपला बांध फुटला, शेवटचा दगड कुनी ठेवायचा म्हनून तिन्ही घरं भांडत होती, तवा मीच गोधडी घेऊन गेलेली. मना मक्केत कशाला नेलंस?"

आतून बीबींचं हसू ऐकू आलं. मौलवीसाहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणखी कुठे कुठे भरलंस?"

मी आठवून सांगितलं. मदिनेतल्या खजुराच्या बागेत डास घातलेत. आणि घरात मीठ संपलं होतं, ते एका ठिकाणी.

"डास असतील," ते म्हणाले. "मीठही संपलं असेल. बाईही असेल, घरं होती तिथे बायका होत्याच. पण कुणी सांगितलेलं नाही. सांगितलेलं नाही ते आपण घालायचं नाही, कितीही शोभलं तरी." मग ते उठले. "माझी नमाज झाली की पुन्हा पहिल्यापासून सांग. जिथे ठाऊक नाही तिथे थांब."

बंदरावर पाणी उतरायला लागलेलं, मचवा हाकणाऱ्या तांडेलाचा निरोप दोनदा आला. सासूबाईंची बहीण राहिली ती राहिलीच. मी पहिल्यापासून सांगितलं. सात ठिकाणी थांबले. थांबले की मास्तर कागद घेऊन मौलवीसाहेबांच्या कानाशी जायचे आणि तेवढं वाक्य कुजबुजायचे. असं तीन तास.

शेवटी मौलवीसाहेबांनी कलम मागवलं आणि पहिल्या पानावर आपल्या अक्षरांत होकाराच्या दोन ओळी लिहिल्या. मास्तर खाली मान घालून बसले होते. कागदावर टपटप पडलं तेव्हा मी म्हटलं, "शाई ओली आहे, मास्तर, बाजूला रडा."

परत कोपरी

उतरत्या पाण्यावर मचवा हलका, भरभर जातो. दिवेलागणीला घरी. पुस्तक पुढच्या वर्षी छापलं, त्यात बाई नाही, डास नाहीत. मौलवीसाहेब हजहून परत आले आणि पुढे बरीच वर्षं होते. आता त्या वाटेने जाणार असाल तर कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या खाली उभं राहून पाणी बघा आणि लोणचं मिळालं तर खा.

माझं एक नुकसान झालं, ते सांगते. विहिरीवर कुणी म्हणालं, अमकीची सून पळाली, की मी विचारायचे, कुणाकडून ऐकलंस? तिने कुणाकडून? चौथ्या कडीला गोष्ट सुटायची. बायकांनी मला काही सांगायचंच सोडलं. पन्नास वर्षं मला गावातली एक धड चहाडी मिळाली नाही.

आणि एक. आम्ही निघालो तेव्हा मौलवीसाहेब दारात मास्तरांना काही बोलले. मी टोपल्या उचलत होते. मचव्यात मास्तरांनी मला सांगितलं, ते म्हणाले, "शिकलेले लोक ठाऊक नसलं तरी थांबत नाहीत. ही थांबली." नातीने हे वाक्य मोठ्या अक्षरांत वर टाकायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं. मी ते मौलवीसाहेबांच्या तोंडून ऐकलेलं नाही. मास्तरांकडून ऐकलं, आणि मास्तर खोटं बोलणारे नव्हते. पण त्या दिवशी ते फार खुशीत होते, आवाज बसलेला होता आणि वारा समोरून होता. माझ्या मते कडी जरा कच्ची आहे. तुम्ही पुढे कुणाला सांगाल तेव्हा तेवढंही सांगा.