आईच्या पायथ्याशी कोण बसायचं?

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. भास, भूत, अंगात येणं... असलं काही सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायची. म्हणून हे लिहायला एवढा उशीर झाला. आणि लिहूनही ते नीट जुळत नाही, हे आधीच सांगते.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. आम्ही लोहाऱ्यात राहायचो. मी सोळा वर्षांची, आई, आणि अण्णा म्हणजे माझे वडील. थोरला भाऊ दत्तूदादा रझाकारांच्या धास्तीनं सरहद्दीपलीकडं, बार्शीच्या बाजूच्या कॅम्पात गेलेला. त्याची चिठ्ठी येत नव्हती, आमची त्याला पोचत नव्हती.

तो गेल्यावर आईच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेतलं. "आता घरीच न्या. दुखू देऊ नका, अन् जवळ बसा." सोबत अफूचं औषध दिलं. अण्णांनी तिची बाज आतल्या खोलीतून सोप्यात आणली.

"माझ्या हातचं काम तेवढं काढून घेऊ नका," आई म्हणाली. मग मी तिच्या कुशीपाशी सूप ठेवायची. दिवसभरात मूठभर तूरडाळ निवडून व्हायची. अण्णा ती वेगळी शिजवायला लावायचे. "बघा, अजून माझ्याच हातचं खाताय," म्हणताना आईचा चेहरा उजळायचा.

एका दुपारी ती पाय जवळ घेत म्हणाली, "सरका जरा. दत्तू पाय चेपायलाय, त्याला बसू द्या."

मला वाटलं, अफू बोलतेय. पण हे रोजचंच झालं. अण्णा पायथ्याची जागा मोकळी ठेवायचे. मला त्याचा राग यायचा... मरणाऱ्या माणसाला खोट्यात का ठेवायचं? एकदा मी मुद्दाम तिथं जाऊन बसले.

आई एकदम म्हणाली, "ऊठ की गं शांते! त्याच्या मांडीवर बसलीस!"

मी उठले. का उठले, ठाऊक नाही.

चार दिवसांनी आई गेली. शांतपणे, अण्णांचा हात धरून.

पोलीस ॲक्शननंतर दादा परतला. दारात पिशवी ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आई गेली नव्हं?" निरोप कुणी दिला, विचारलं तर कुणीच नाही म्हणून मान हलवली. मग सोप्यात आला. बाज तर आम्ही केव्हाच माळ्यावर टाकली होती. तरी नेमका तिच्या पायथ्याच्या जागी जाऊन बसला.

"हितंच असायची ना बाज? दुपारी कॅम्पात डोळा लागला की म्या हितं असायचो. पाय चेपायचो तिचं. सपान म्हणून कुणाला सांगितलं न्हाय." मग कसंनुसं हसला. "एकदा तू माझ्या मांडीवर बसलीस. लई जड लागलीस."

अण्णा रडत होते.

इथपर्यंत एखादा म्हणेल, मायलेकराची ओढ. मीही कसंबसं मानलं असतं. पण दादानं विचारलं, "अण्णा, उशाशी ती म्हातारी कोण बसायची? हिरव्या लुगड्यातली? आई तिच्याशी कानडीत बोलायची."

अण्णांनी डोळे पुसले. "म्हातारी कुठली? आमी दोघंच होतो. अन् तुझी आई तेरची, मराठी मुलखातली. तिला कानडी कुठं येत व्हती?"

"बोलायची," दादा म्हणाला. तो लहानपणापासून उमरग्याच्या बाजाराला जायचा, त्याला कानडी समजायची. "रोज एकच सांगायची तिला. माझी माणसं लई चांगली हैत, मला एकटं सोडत न्हाईत."

अण्णांनी पुढं आईच्या माहेरी, आमच्या भावकीत, सगळीकडं विचारून पाहिलं. तशी म्हातारी कुणाच्याच आठवणीत नव्हती. दादाही आता नाही. आई तिथं कुणाला आमचं कौतुक सांगत होती... मला आजही कळलेलं नाही.