प्रस्थानाची पिशवी

हळकुंडाचा गंध आला की आम्ही दोघांनी स्वतःच आखलेली बालीची यात्रा आठवते. विमानाचा दिवस पंचांगात वर्ज्य निघाला, म्हणून आदल्या दिवशी सुमुहूर्तावर प्रवासाची पिशवी शेजारणीकडे प्रस्थान म्हणून ठेवली, म्हणजे आपण निघाल्यासारखेच. तिच्यात सुपारी, हळकुंड आणि श्रद्धेने दोघांचे पासपोर्टही ठेवले. निघताना पाहतो तो शेजारणीच्या दाराला कुलूप! खाली मुंबईची गाडी उभी. "मुहूर्त साधलात, आता विमान साधा," पत्नी म्हणाली. फोनवर शेजारीण ओरडली, "काका, नाशिक रोडला आहे, निघालेच!" तिची स्कूटर फाटकातून आत शिरली, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. उद्या आम्ही पुन्हा परदेशी निघत आहोत. पिशवी मुहूर्तावर शेजारी पोचली आहे. पासपोर्ट मात्र हिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवले आहेत.