नाव खोटं चाललं, नंबर मात्र खरा गेला

मैत्रिणींनो, तुम्ही मला या फोरमवर सायली म्हणून ओळखता. ते माझं खरं नाव नाही. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल खऱ्या नावाने लिहायची हिंमत नव्हती.

आज सकाळी भाईंदरच्या एका सायबर कॅफेत बसून, बायकांना कायद्याचा सल्ला देणाऱ्या एका साइटवर खातं उघडत होते. खोटं नाव चाललं. मग मोबाइल नंबर मागितला, त्यावर कोड येणार होता. आमच्या घरात एकच मोबाइल आहे, तो नवऱ्याकडे असतो. शाळेत, गॅसवाल्याकडे मी तोच नंबर देते. सवयीने तोच टाइप केला आणि बटण दाबलं.

कोड त्याच्या मोबाइलवर जाणार, हे बटण दाबल्यावर लक्षात आलं. कॅफेवाल्याला विचारलं, "भैया, मेसेज वापस ले सकते हैं क्या?"

"नहीं दीदी, गया तो गया."

दुपारी नवरा जेवायला घरी आला. ताटाशेजारी मोबाइल ठेवून म्हणाला, "हा कसला कोड आलाय?"

"कुणीतरी चुकून आपला नंबर टाकला असेल," मी म्हटलं.

तो शांतपणे जेवला. उठताना एवढंच म्हणाला, "संध्याकाळी आल्यावर बघू."

आता मीरा रोडच्या दुसऱ्या कॅफेतून लिहितेय. इथे रजिस्टरमध्ये खरं नाव लिहावं लागलं, ओळखपत्रही दाखवलं. मुलीला शाळेतून घेऊन सरळ आईकडे जावं, असं वाटतंय. घराकडे पाय वळत नाहीयेत.

त्या कोडवरून माझं या फोरमवरचं लिहिणं त्याला सापडेल का? कुणाला माहीत असेल तर सांगा. शाळा सुटेपर्यंत मी या कॅफेतच बसलेय.