श्रावणातली मरळ

मरळ धरायला शिकायचं असेल तर आधी बांगड्यांचा बंदोबस्त करावा. पहिल्या दिवशी मी सुनेला हेच सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, बांगड्या न्हाई काढणार मी. अपशकुन असतो."

"मंग वर सरकव आन् चिंधी बांध. माशाला तुझा शकुन कळत न्हाई, आवाज कळतो."

तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या दोन्ही मनगटांना बांधल्या आणि गावाच्या तळ्यावर माझ्या मागं आली.

मालकांची डावी बाजू गेली त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. धडधाकट होते तोवर शेतातून सुटले की ते तळ्यावर असायचे. मला त्याचा राग यायचा. माणूस तिथं नक्की काय करतो ते बघायला मी जायला लागले आणि बघता बघता शिकले. पुढं मी त्यांच्याइतकीच मरळ धरायची. गावात ते कुणी मान्य केलं नाही, पण मालकांना माहीत होतं.

आजारात त्यांचं खाणं सुटलं. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी जिभेनं बाहेर ढकलायचे. दवाखान्यात सांगितलं, पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हटलं की ते मान हलवायचे. जीभ जड झाली होती, एक शब्द मात्र स्वच्छ यायचा. मरळ. मुलानं तीर्थपुरीच्या बाजारातून मासा आणला. बर्फातला होता, मरळ नव्हतीच. मालकांनी एक घास घेतला आणि थुंकला.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाण्याकडं पाहिलं की नुसती चकाकी. मुलगा जालन्याला कारखान्यात, रविवारी यायचा आणि तळ्यावर दोन तासांत कंटाळायचा. राहिली सून. ती माळकऱ्याच्या घरची. आमच्याकडं मासा असला की मी अंगणात वेगळी चूल मांडायची आणि ही त्या बाजूला फिरकायचीसुद्धा नाही.

"धरीन मी," ती म्हणाली, "पण खाणार न्हाई."

"तुला कोण वाढतंय?"

त्यात श्रावण लागलेला. श्रावणात आमच्या गावात कुणी गळ टाकत नाही. काठ्या आढ्याला खोचलेल्या असतात. लोक देवासाठी पाळतात. मालकही पाळायचे, पण कारण वेगळं सांगायचे. "देवाचं मला म्हाईत न्हाई. पावसाळ्यात तिच्या अंगाखाली पिल्लं असत्यात. तव्हा तिला हात लावायचा न्हाई." पिल्लावरची मरळ धरलेल्या एका माणसाशी ते पुढं कधी बोलले नाहीत.

बांधावर शेळ्या चारणारी एक बाई आम्हाला बघून थांबली. "काय गं म्हातारे, श्रावणात मासे? आन् माळकऱ्याची लेक बाटवली का?"

"तू येऊन माझ्या नवऱ्याला घास भरव, मी घरी जाते," मी म्हणाले. "न्हाई जमत ना? मंग शेळ्या राख. ती बघ, एक गेली कपाशीत."

मी सुनेला शिकवलं ते असं. ऊन तोंडावर घेऊन बस, म्हणजे तुझी सावली पाण्यावर पडणार नाही. मरळ उघड्या पाण्यात नसते, बेशरमाच्या झुडपांच्या मुळाशी असते. जिवंत बेडकी गळाला लाव, पण पाठीच्या कातडीतून लाव, पोटातून लावली तर मरते आणि मेलेलं ती खात नाही. बेडकी पाण्यावर नाचवत आण. दोर ताणला की लगेच ओढू नकोस. तोंडात घेऊन ती आधी खाली जाते. दहापर्यंत मोज, मग झटका दे.

 बेडकी लावताना ती डोळे मिटून "विठ्ठल विठ्ठल" करायची. मी म्हणायचे, "त्याला कशाला बोलावतीस? डोळे उघड, गळ बोटात जाईल." दुसऱ्या दिवशी बोटातच गेला. तिसऱ्या दिवशी मरळ लागली, पण हिनं चारलाच ओढलं आणि रिकामा गळ वर आला. त्या दिवशी मालकांनी दोन चमचे पाणी घेतलं, बाकी काही नाही. चौथा दिवसही रिकामा गेला.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, पाण्यावर तांबडं तांबडं काय तरी हलून राह्यलं. शेंदूर सांडल्यावानी."

मला दिसत नव्हतं. दिसायची गरज नव्हती. मरळीची पिल्लं लाल असतात, घोळक्यानं वर येतात आणि आई नाही तर बाप खाली राखण करत असतो. तिथं काहीही पडलं की तो अंगावर धावून येतो. भुकेनं नाही, पिल्लांसाठी. तिथं आंधळ्यालाही मरळ मिळते. म्हणूनच तिथं टाकत नाहीत.

"टाक तिथंच," मी म्हणाले.

दहा मोजायची वेळ आलीच नाही. पाण्यात दणका बसला आणि सून घसरत काठापर्यंत गेली. दोघींनी मिळून ओढली. हातभर मरळ होती. ओल्या पोत्यात घातली तरी घरापर्यंत उड्या मारत होती.

मालकांनी वाटीभर रस्सा घेतला. मी काटा काढून दिलेलं मांसही खाल्लं. किती दिवसांनी जेवले. मग बोट हलवून त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. "कुठं घावली?"

"बेशरमाच्या कडंला, मामा. वर तांबडं तांबडं व्हतं. आत्या म्हणल्या, टाक."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशी उरलेला रस्सा गरम करून नेला तर दात आवळून घेतले.

"आवं खा की. तुमच्यासाठीच धरली."

"दुसरी," ते म्हणाले. "बघ."

पिल्लं राखायला जोडीतली दुसरी राहिली का, ते त्यांना कळायला हवं होतं. सून बघायला गेली. आल्यावर तिनं मला चुलीपाशी सांगितलं. काल परातीएवढं तांबडं होतं, आज तळहाताएवढं राहिलं होतं आणि चिलापी मासे त्यावर तुटून पडत होते. दुसरी मरळ कुठं दिसली नाही.

"आत्या, तुमाला म्हाईत व्हतं ना?"

"व्हतं."

 तिनं पेजेची वाटी घेतली आणि आत गेली. मला तिचा आवाज ऐकू आला. "हाये मामा. दुसरी हाये. पिल्लांच्या खालीच फिरून राह्यली. मी गेले तर अंगावर आली माझ्या." मालकांनी तोंड उघडलं.

मग तेच रोज. तिसऱ्या दिवशी तळ्यावर लाल काही उरलं नव्हतं. ही मात्र सांगायची, आज बोटाच्या पेराएवढी झाली, आज रंग उतरायला लागला, आज शेवाळात शिरली. जिनं कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, ती रोज वाटी संपेपर्यंत पिल्लं वाढवत बसायची. मी पेज दिली तर ते घेत नसत. भादव्यात ते गेले. नळी घालावी लागली नाही.

सून आजही मासा खात नाही, पण गावात तिच्यासारखी मरळ कुणी धरत नाही. आसपासच्या बायका शिकायला येतात. बांगड्यांना चिंध्या, बेडकी, दहापर्यंत मोजणं, सगळं माझंच सांगते. शेवटी एक तिचं असतं. "तांबडं दिसलं की गळ गुंडाळायचा आन् घरला जायचं. घरात कुणी बी आजारी असू द्या." हे सांगताना ती माझ्याकडं बघते. मी सुपारी कातरत बसते.

तसं परत झालं तर मी परत टाक म्हणेन. हे तिला बराबर माहीत आहे. म्हणून श्रावण लागला की ती काठी आढ्याला खोचते, पण गळ कुठं ठेवते ते मला सांगत नाही.