दिसेनाशी झालेली हार्ड डिस्क

पन्नाशी ओलांडल्यावर मी कोराडीच्या क्वार्टरमध्ये सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडला. सुरू केला तर नवी ड्राइव्ह दिसली, पण जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली हार्ड डिस्क काही दिसेना. घरातले सगळे फोटो तिच्यातच होते.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, काहून डोकं लावून राहिल्या? दुकानदाराले देऊन देतो ना मी."

"हात नका लावू," मी म्हणाले. "मी जोडला, मीच पाहीन."

माझी फजिती बघायला ते खुर्ची ओढून बसले. मी केबल बदलली, उपयोग झाला नाही. डिस्क फिरत असल्याचं मात्र बोटांना जाणवत होतं, म्हणजे ती बिघडली नसावी. मग कॉम्प्युटर बंद करून नवी ड्राइव्हच मदरबोर्डवरून काढली आणि पुन्हा सुरू केला. जुनी लगेच दिसली! मदरबोर्डवर दोघींची वाट एकच होती, म्हणून नवी बसवली की जुनीचं सॉकेट बंद पडत होतं. मी नवी परत बसवली, जुनीची केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली. दोन्ही दिसल्या.

"नशीब तुमचं," दीर म्हणाले. "चहा टाका आता."

मी फोटो उघडत होते. उठले नाही. चहा त्यांनीच केला.