व्याह्यांचे रीळ, जावयाचे रीळ

निवृत्त झाल्यावर मासे धरायचे, असे मी नोकरीत असतानाच ठरवले होते. वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेले. जुन्नरला घर होते आणि जवळपास धरणांचे पाणी होते. काठी घेतली. राहिला प्रश्न रिळाचा.

गळाच्या काठीवर दोरा गुंडाळण्यासाठी जे रीळ लावतात, ते मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक बेटकास्टर. ते काठीच्या वर बसते. आमिष फेकले की त्याचा दोरा गुंडाळलेला ढोल स्वतः गरगर फिरतो आणि त्याला अंगठ्याने आवरावे लागते. वेळेवर आवरला नाही तर आमिष पाण्यात पडून थांबते, ढोल फिरतच राहतो आणि दोऱ्याचे सुगरणीचे घरटे होते. दुसरे स्पिनिंग. ते काठीखाली लटकते, त्याचा ढोल फेकताना फिरत नाही, दोरा त्याच्यावरून नुसता सुटत जातो. बेटकास्टरला जड आमिष मानवते. स्पिनिंग हलके आमिषही लांब टाकते. एवढी माहिती मी एका संध्याकाळी जमवली. निर्णयाला ती पुरेशी होती. पण एका माहितीला दोन स्रोत हवेत, ही डेस्कवरची सवय. मी जावयांना फोन केला. मग व्याह्यांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना केला. दोघेही हौशी मासेमार. दोन्ही स्रोत निरगुडसरला एकाच घरात राहतात, याचा विचार केला नाही.

"पप्पा, डोळे झाकून स्पिनिंग घ्या," जावई म्हणाले. ते चाकणच्या कारखान्यात आहेत आणि यंत्राबद्दल थोडक्यात बोलतात. "बेटकास्टर म्हणजे नुसता शो. निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो."

"पावणं, आमच्या पोराचं ऐकू नका," व्याही म्हणाले. "ते खालचं रीळ बारक्या पोरांचं. गडी मानसानं वरचं वापरावं. अंगठ्यात ताकद पायजे, बाकी काय न्हाई."

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला.

"पप्पा, तुम्ही नक्की काय विचारलंत? दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जेवताना आबांना मीठ हवं असलं तर ते मला सांगतात, मी ह्यांना सांगते, मग हे मीठ सरकवतात. मीठ ह्यांच्या ताटाजवळच असतं."

आषाढ संपत आला होता. श्रावण लागण्याआधी आमच्या भागात पाहुण्यांना जेवायला बोलावतात. त्याला आखाड म्हणतात आणि आखाड म्हणजे मटण. आखाडाच्या शेवटच्या रविवारी व्याह्यांनी आम्हा दोघांना बोलावले आणि सोबत जाहीर केले की यंदा मटण नाही. शेततळ्यातले मासे. तेही गळाने धरलेले. पावण्यांनी दोन्ही रिळे पाहावीत आणि काय ते ठरवावे.

माझी पत्नी म्हणाली, "ठरवू नका. काहीही झालं तरी ठरवू नका."

तिच्या सांगण्याला आधार होता. जावयाचा मान असतो. मुलीच्या सासऱ्याचा मान असतो. ही दोन माणसे एकाच बाजूला असतात, असे गृहीत धरून ही पद्धत तयार झाली आहे. ती एकमेकांसमोर उभी राहिली तर मुलीच्या बापाने काय करावे, याची तरतूद तीत नाही.

आम्ही नारायणगाव, मंचर करत निरगुडसरला पोहोचलो तेव्हा विहीणबाई ओट्याशी होत्या. वाटण तयार होते, भाकरीचे पीठ परातीत होते, मासा नव्हता.

"बारा वाजेपर्यंत मासं आलं न्हाई तर मी मंचरला गाडी पाठवनार," त्या म्हणाल्या. "मटनाच्या दुकानात आज लाईन आसती. लेकीच्या आईबापाला नुसतं वाटण वाढू का?"

"गाडी जानार न्हाई," व्याही म्हणाले. "शब्द दिलाय मी. मासं म्हंजे मासं."

मोटरसायकलची चावी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. त्या दिवशी काय पणाला लागले होते, ते एवढेच: लेकीच्या आईबापासमोर दिलेला शब्द.

शेततळे घरामागे होते. चौकोनी खड्डा, चारी उतारांवर आणि तळाला काळ्या प्लास्टिकचे आच्छादन. त्याला सगळे कागद म्हणतात. उन्हाळ्यात टोमॅटोने बरेच पाणी पिऊन टाकले होते आणि यंदा पाऊस लांबला होता. उरले होते कमरेइतके. त्यात दोन वर्षांपूर्वी सोडलेले सायप्रिनस जातीचे मासे होते. पाणी आटल्यामुळे ते दाटीने राहत होते आणि मधूनमधून पाठ दाखवत होते.

"जाळं का नाही टाकत?" पत्नीने विचारले.

"वैनी, जाळ्याला चार मानसं आत उतरावी लागत्यात," व्याही म्हणाले. "कुनाच्या पायात काय, कुनाच्या हातात काय. कागद फाटतो. गळानं कागदाला धोका न्हाई."

जावई दुसऱ्या टोकाला स्पिनिंगची काठी धरून उभे होते. ते माझ्या पत्नीकडे बघून म्हणाले, "आई, त्यांना सांगा, कणकेचा गोळा वरच्या रिळानं जात नसतो. हलका असतो."

"पावणं, त्याला सांगा, हात पायजे, हात."

दोघे माझ्याकडे पाहू लागले. जावई बरोबर होते. कणीक हलकी आणि हलक्याला स्पिनिंग, हे मी जुन्नरलाच वाचले होते. मी म्हणालो, "आधी थोरल्यांनी टाकावा. मग जावईबापूंनी."

डेस्कवर याला समतोल म्हणतात. जावई म्हणाले, "वा पप्पा," आणि बांधावर बसले.

व्याह्यांनी काठी डोक्यामागे नेली आणि फेकली. कणकेचा गोळा त्यांच्या पायापासून दीड हातावर पडला. ढोल मात्र फिरत राहिला. दोरा फुगून बाहेर आला.

"आबा, तिकडं रेंज नाय का?" जावई पहिल्यांदा थेट बोलले.

व्याही बांधावर बसून गुंता सोडवू लागले. तो सुटेपर्यंत मुलगी दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा चहा घेऊन, दुसऱ्यांदा निरोप घेऊन: "आई विचारतायत, कांदा चिरू का थांबू?"

"चिर म्हनावं."

मग ते शेडमध्ये गेले आणि ट्रॉलीचा एक मोठा नट घेऊन आले. तो त्यांनी दोऱ्याला बांधला. त्याखाली तीन काट्यांचा गळ, त्यावर कणीक. आता वजन आले होते. ही फेक उत्तम झाली, हे नोंदवले पाहिजे. नट तळ्यावरून सरळ गेला, समोरच्या उतारावर टेकला आणि घसरत पाण्यात उतरला. अंगठा वेळेवर पडला. एकही वेढा सुटला नाही.

"बगितलं का!" व्याही म्हणाले आणि दोरा ओढू लागले. काठी वाकली.

"लागला! आरं लागला! लई मोठा हाय!"

मुलगी धावत आली. विहीणबाई पिठाच्या हातांनी आल्या. काठी आणखी वाकली. व्याह्यांनी टाचा बांधात रोवल्या.

"हालंना राव. तळाला बसलाय."

"ओढू नका, ढील द्या!" जावई उठले. "आबा, ढील द्या, दमवा त्याला."

"तू धर हितं. मागनं धर."

बापलेक एका काठीला लागले. जावयांनी वडिलांना मागून कमरेला धरले होते. आठवडाभर ज्यांच्यात मिठाचे बोलणे नव्हते ते एकमेकांना "जरा डावीकडं", "हळू", "आता घ्या" असे सांगत होते. मुलगी मोबाईलवर शूटिंग करत होती. विहीणबाईंनी एवढ्या मोठ्या माशाला घरातले पातेले पुरेल का, असा रास्त प्रश्न विचारला. मी स्वतः म्हणालो की हा कटला असावा. या विधानाला कोणताही आधार नव्हता.

बऱ्याच वेळाने जावई म्हणाले, "आबा, मासा डावीउजवीकडं जातो. हा कुठंच जाईना." ते बांधावरून फेरी मारून पलीकडे गेले, वाकले आणि पाहत राहिले.

"काय हाय? केवढा हाय?"

"आबा, मासा न्हाई. कागद धरलाय तुमी. ओढू नका."

पण व्याह्यांनी तोवर शेवटचा जोर लावला होता. गळ सुटून आला. पलीकडे, तळाच्या कोपऱ्यात, पाण्यातून बुडबुडे वर येऊ लागले. बुडबुडे येत राहिले.

विहीणबाई म्हणाल्या, "बारा वाजलं."

तळाला भोक पडलेले शेततळे पावसाआधी सांधले नाही तर त्यात पाणी राहत नाही, आणि सांधायचे तर ते रिकामे करून वाळवावे लागते. ही चर्चा फार चालली नाही. मोटर लावली आणि पाणी शेजारच्या उसात सोडले. जावईबापूंची पाळी राहिली. कागदाजवळ आता कुणी गळ न्यायचा नाही, असे विहीणबाईंनी सांगितले होते. स्पिनिंग रिळाची चाचणी होऊ शकली नाही.

दुपार कलली तेव्हा पाणी गुडघ्याला आले आणि मासे उघडे दिसू लागले. पाट्या आणि घमेली घेऊन आम्ही तिघे आत उतरलो. ओल्या काळ्या कागदावर माणूस उभा राहत नाही. व्याही बसले ते थेट मोटरीपर्यंत घसरत गेले, चावीसकट. मला जावयांनी दंडाला धरले आणि आम्ही दोघेही बसलो. मासे मात्र हाताने उचलता येत होते. दोन पाट्या भरल्या, मग तिसरी. पाणी कुठून येते हे बघायला आलेल्या उसाच्या मालकालाही दिले.

जेवण संध्याकाळी झाले. माशाला काटे फार होते, रस्सा उत्तम होता. पहिली भाकरी संपल्यावर व्याह्यांनी विचारले, "काय पावणं? शब्द पाळला का न्हाई?"

"पाळला," मी म्हणालो.

"आनि मासं कुनाच्या रिळानं धरलं?"

"आबा, हातानं धरलं," जावई म्हणाले.

"हातानं उचललं. धरलं वरच्या रिळानं. भोक पाडलं नसतं तर तळं उपसलं आसतं का? तीन पाट्या! तुझ्या खालच्यानं काय धरलं, सांग."

जावयांनी थोडा विचार केला. "मीठ घ्या," ते म्हणाले आणि मिठाची वाटी स्वतः वडिलांकडे सरकवली.

निघताना विहीणबाईंनी माझ्या पत्नीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मग आत जाऊन त्यांनी दोन्ही रिळे आणली आणि तीही ओटीत घातली.

"माझ्या घरात ही नकोत," त्या म्हणाल्या. "ओटीतलं परत करत नसत्यात."

व्याह्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. जावई रिळाकडे बघत राहिले. ओटीचा नियम दोघांनाही ठाऊक होता.

अशा रीतीने मला दोन्ही रिळे मिळाली. आता निरगुडसरहून फोन येतो तो एकाच मोबाईलवरून, स्पीकर लावून. बापलेक शेजारी बसलेले असतात आणि दोघांना एकच विचारायचे असते: कोणते लावले?

"श्रावण चालू आहे," मी सांगतो. "घरात मासा चालत नाही."

"मग भादव्यात?" व्याही विचारतात.

"भाद्रपदात गणपती असतात," मी म्हणतो.

मागून विहीणबाईंचा आवाज येतो, "नवरात्रबी हाय म्हनावं."