अक्काच्या गालातली गाठ

अक्का उदगीरहून नांदेडला माझ्याकडे आली ती डाव्या गालावर पदर ओढूनच. माझी थोरली बहीण, छप्पन्न वर्षांची. घरात टेकल्यावर तिने पदर सोडला. गालाच्या हाडाखाली सुपारीएवढी गाठ, वरची कातडी तांबूस झालेली.

"लेकीच्या लग्नाआधी पार्लरात इंजेक्शन घेतलं होतं," ती म्हणाली. "गाल लई आत गेले होते. ती बाई म्हणली, एकदा घेतलं की जन्मभर बघायला न्हाई."

लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी तिला नांदेडातल्याच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे जायचं टाळावंसं वाटत होतं, पण दुसरं कोणी मला माहीत नव्हतं.

बाईंनी गाठ दाबून पाहिली, सोनोग्राफी केली. "काय भरलं होतं?"

"फिलर म्हणली."

"फिलर पुष्कळ तऱ्हेचे असतात. खोकं, कागद, काही आहे?"

काहीच नव्हतं. बाईंनी शांतपणे समजावलं. एक फिलर वर्षा-दीड वर्षात अंगात जिरतो. बिघडला तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतो. तोही अगदी निर्धोक नाही. रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरते, क्वचित नजरही जाते. म्हणून जाणता हात लागतो. दुसरा कायमचा. टिकतो खरा, पण बिघडला तर त्याला उतारा नाही.

"हा कायमचाच दिसतोय," बाई म्हणाल्या. मग सहज माझ्याकडे वळून, "तुमचं जिरलं वाटतं सगळं. परत घ्यायचं का?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

तिच्याआधी सहा महिने मी इथेच गाल भरून घेतले होते. दुखण्यातून उठले होते, शाळेत जो तो "बरं नाही का?" विचारायचा. त्या लग्नात अक्का मला म्हणाली होती, तुझं तोंड भरलंय. मी म्हटलं, औषधं मानवली.

ऑटोत तिने पुन्हा गालावर पदर ओढला. मग म्हणाली, "सांगितलं असतंस तर मी हितंच आले असते."

"लाज वाटली, अक्का."

"मलाबी वाटली. म्हणून तर पार्लरात गेले."

पुढे वर्षभर ती दर महिन्याला गाठीत सूज उतरवायचं इंजेक्शन घ्यायला येत राहिली. मी अर्धी रजा टाकायची, दोघी बाकावर नंबरची वाट बघत बसायचो. गाठ निम्मी झाली आणि तिथेच थांबली. कापून काढता येईल, पण व्रण राहील आणि नसेला धक्का लागू शकतो, असं बाई म्हणाल्या. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. दमले मी."

माझे गाल पुन्हा आत गेलेत. शाळेत विचारतात, बरं नाही का. मी म्हणते, बरी आहे. आणि पुढच्या तासाला जाते.